आत्याला कळलंय, असं मी म्हणालो

नाना, काल मी सोनाआत्याकडं जाऊन आलो. तुमच्याच मोटारसायकलवर. चार किका मारल्या तेव्हा सुरू झाली, तुमच्या पायाची सवय तिला. आज शनिवार. तुम्हाला जाऊन दोन आठवडे झाले. दहावा, तेरावा सगळं रीतसर पार पडलं, लोक म्हणाले पोरानं काही कमी पडू दिलं नाही. आणि तुमचा हा पोरगा तीर्थपुरीच्या त्याच्या ऑनलाईनच्या दुकानात अर्धं शटर ओढून तुमच्याशी बोलत बसलाय. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती होत नाही म्हणून.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "बोल ना लेका, त्या डबड्यात काय तोंड घालून बसलाय." डबडं म्हणजे माझा मोबाईल. शेवटपर्यंत तुम्ही त्याला मोबाईल म्हणाला नाहीत. स्वतःचा होता तोही गाडीच्या डिकीत टाकून फिरायचात, आणि मी दहा फोन लावले की घरी येऊन विचारायचात, "वाजत व्हता व्हय?"

आपलं भांडण अर्धंच राहिलं. तुमचं म्हणणं एकच, कुणी गेल्याचा निरोप तोंडानंच द्यायचा, समोर जाऊन. माझं म्हणणं, नाना, जग कुठं चाललंय आणि तुम्ही पेट्रोल जाळत कुठं चाललात! पण गावात कुणी गेलं की लोक आधी आपल्याच ओट्यावर यायचे. कुणाची लेक कोणत्या गावात दिलीय, कुणाचा भाऊ कोणत्या वस्तीवर राहतो, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कुणाला बीपीची गोळी चालू आहे, सगळं तुमच्या डोक्यात. डायरी नाही, कागद नाही. टोपी डोक्यावर ठेवायची, गाडी काढायची, निघायचं. कोणत्याही आळीतलं मरण असो. आई चिडायची, "गावाचं समदं तुमच्याच गळ्यात कामून?" तुम्ही गप. आईला उलटून बोलायचं नाही ही तुमची खोड मला कधी घेता आली नाही.

एकदा मला सोबत नेलं होतं तुम्ही. लग्नाच्या आधीची गोष्ट, गाडी मी चालवत होतो. वडीगोद्रीला एका बाईला तिची आई गेल्याचं सांगायचं होतं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. तुम्ही आधी तिच्या शेजारच्या घरात शिरलात, तिथल्या म्हातारीच्या कानात काहीतरी बोललात, तिला घेऊन मग त्या दारात गेलात. बाई भजी तळत होती. तुम्ही कांद्याचं बोलायला लागलात. कांदा कसा गेला, पाणी किती आहे, पोरं शाळेतून कव्हा येतात. मी मनात म्हणतोय, अहो सांगून टाका ना, जीव खाली पडेना माझा. कढई उतरली, गॅस बंद झाला, मग तुम्ही म्हणालात, "आईचं जरा जास्त हाय. चला." बस, तेवढंच. तिनं शेजारणीकडं पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. पण ती रडत का होईना उठली, लुगडं बदललं, दाराला कुलूप लावलं.

येताना मी भांडलो तुमच्याशी. "खोटं कामून बोललात? गेलीय ना ती म्हातारी."

"रस्ता लांबचा असतो बाबा," तुम्ही म्हणालात. "थोडी आशा राह्यली की माणूस तेवढा रस्ता पार करतं. पोचल्यावर तर समोर दिसतंच की."

मला तेव्हा हे बिलकुल पटलं नाही. आणि पुढं मी हे ऑनलाईनचं दुकान टाकलं, सातबारा, पीकविमा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, आणि त्यातच फुलांच्या चौकटीतले श्रद्धांजलीचे फोटो. ते मी फुकट करून द्यायचो, तुमचाच गुण म्हणा. दहा मिनिटांत फोटो तयार, अकराव्या मिनिटाला साऱ्या तालुक्याला खबर. तुम्हाला आठवतं ना, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही टोपी घालून रांजणीकडं निरोप घेऊन गेल्ता आणि तासाभरात परत आलात? तुम्ही पोचायच्या आधीच त्या घरात रडारड चालू होती. तुमच्याआधी माझा मेसेज पोचला होता. तुम्ही दारातून आत गेलात, कुणी तुमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन ओट्यावर बसलात, टोपी मांडीवर. मी हसलो, नाना. "कशाला गेला होतात ऊन खात?" असं वर म्हणालो. तुम्ही एवढंच बोललात, "एकटीच व्हती रे ती पोरगी घरात, जव्हा कळलं तव्हा. लेकरू पडलं तिच्या हातातून." आणि पाणी प्यायला आत गेलात. लेकराला काही झालं नाही, देवाची कृपा. पण मी त्यावर काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

आता माझीही एक बाजू ऐका. तुम्ही जालन्याला दवाखान्यात होता, रक्त लागत होतं, तेव्हा याच डबड्यावर मी चार ओळी टाकल्या आणि अर्ध्या तासात तीन पोरं धावत आली. ना ओळखीची ना पाळखीची. नवीन जालन्याच्या रस्त्यावर गर्दीतून गाड्या काढत आली. त्यातला एक तुमच्या पायाला हात लावून गेला, तुम्ही शुद्धीत नव्हता. तर मोबाईल वाईटच, असं मी आजही म्हणणार नाही. तुम्हालाही म्हणू दिलं नसतं. भांडण झालं असतं पुन्हा. व्हायला पाहिजे होतं.

शुद्धीवर होता तेव्हा तुम्ही एकच बजावलं होतं, "आक्काला सांगू नका. घाबरंल. बरा झालो की मीच जातो." आक्का म्हणजे सोनाआत्या, तुमची थोरली बहीण, तुमच्याहून सहा वर्षांनी मोठी. वडीगोद्रीच्या पुढं शेतातल्या वस्तीवर एकटी राहते, मोबाईल वापरत नाही, एकुलता मुलगा कैलास चाकणला कंपनीत. तुम्ही एक सोमवार आड तिच्याकडं जायचात. जायचं म्हणजे काय, दोघांनी दिवसभर भांडायचं. "माझ्याकडं राहायला चल." "मी न्हाई येत." भाऊबीजेला तर इतकं कडाक्याचं वाजलं की ती ताटावरून उठली होती. तरी सोमवार चुकला नाही.

शनिवारी सकाळी तुम्ही गेलात. अॅम्ब्युलन्समध्ये मी तुमच्याजवळ बसलो होतो. तुमच्यावर पांढरी चादर, आणि मी काय करत होतो? तुमचा फोटो चौकटीत बसवत होतो. खड्डा आला की तुमचा खांदा माझ्या गुडघ्याला लागायचा आणि मी म्हणायचो, एक मिनिट नाना. खरंच म्हणालो तसं, तोंडानं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. तुमचं कागदोपत्री नाव, गाव, अंत्यविधी दुपारी दोन वाजता. अकरा ग्रुपवर टाकलं. घनसावंगीचा फाटा यायच्या आत हात जोडलेल्यांची रांग लागली. आणि मला, आता खरं सांगतो, थोडं बरं वाटलं. माझ्या बापासाठी एवढे लोक.

लोक आलेही. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन वाजले. तिरडी बांधून झाली तसे तुमचे दोस्त रहीमचाचा माझ्याजवळ आले. तुमच्यासोबत कितीतरी वेळा निरोप घेऊन फिरलेला माणूस. हळूच म्हणाले, "बेटा, बहन आई क्या उनकी? दिखी नहीं."

मी मोबाईल काढला. मेसेज कुणी कुणी पाहिला याची यादी येते त्यात. कैलासचं नाव होतं. नुसतं पाहिलेलं नाही, खाली हातसुद्धा जोडलेले, माझ्या मेसेजनंतर एका मिनिटात. मी चाचांना दाखवलं. "तिला कळलंय," असं मी म्हणालो. "कैलासनं पाहिलंय सकाळीच. निघाली असेल."

"किसी को भेज के देख लें? तेरा बाप होता तो..."

"कळलंय म्हणतोय ना चाचा!" ओरडलोच त्यांच्यावर. एवढ्या लोकांत.

चार वाजेपर्यंत थांबलो. मग पावसाचं भरून आलं, लोक चुळबुळ करायला लागले, आणि उचललं. दुसऱ्याच्या दारात तुम्ही हात आडवा घालून उभे राहायचात ना, "लेक यायचीय, कुणी हात लावायचा न्हाई" म्हणत? तुम्हाला उचलताना तसा हात आडवा घालणारं कुणी नव्हतं. रहीमचाचा मागं मागं चालत होते, सारखे वडीगोद्रीच्या रस्त्याकडं बघत.

आत्या त्या दिवशी आली नाही. राख सावडायला आली नाही. मला काय वाटलं असेल सांगा. भाऊबीजेचं भांडण धरून बसली, असं वाटलं. मनात राग धरला आणि रोज वाढवला. अकराव्या दिवशी तिकडचा एक पाहुणा भेटायला आला, त्याला तुमचं आदल्या दिवशीच कळलं होतं. तो म्हणाला, "तुमची आत्या तर परवा आमच्याकडं बारशाला व्हती. पाळणा म्हणला की झकास." झालं! मी घरभर आवाज चढवला. भाऊ जाऊन आठ-नऊ दिवस झाले आणि ही पाळणे म्हणते! माझ्यासाठी आत्या मेली, असं म्हणालो मी, नाना. तुमच्या फोटोसमोर उभा राहून. तेराव्याचा निरोप मुद्दाम धाडला नाही.

तुमची सून तेवढी म्हणत होती, "आत्याबाई अशा न्हाईत. तुम्ही एकदा कैलासभावजींना फोन तर लावा." तेरावा उरकला, भांडी परत गेली, आणि ती फोन माझ्या हातात देऊन तिथंच उभी राहिली. मी लावला. भांडायच्या तयारीनंच लावला.

"काय कैलास, मामाचा तेरावा झाला आज. तुमच्याकडून एक माणूस न्हाई."

पलीकडं मशिनचा आवाज. मग तो म्हणाला, "कोणते मामा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो पुन्हा म्हणाला, "दादा, कोणते मामा?"

शिफ्ट सुटून बसमध्ये होता तो त्या सकाळी. ग्रुपवर रोज असे दोन-तीन फोटो पडतात. तो चौकट पाहतो, हात जोडतो, पुढं जातो. तुमचं कागदावरचं नाव वाचलं असतं तरी त्याला पटकन कळलं नसतं, आणि त्यानं वाचलंच नव्हतं. फोटो उघडला नव्हता. फोनवर तो लहान पोरासारखा रडायला लागला. "मी मामाला हात जोडले आन् मला कळलं न्हाई, दादा." मी त्याला शिव्या देणार होतो. पण मी तरी काय पाहत होतो, नाना? त्याच्या नावापुढची खूणच पाहत होतो ना? माणूस नाही पाहिला. उद्या पोचतो म्हणाला, मी म्हणालो, आत्याला आधी मीच जाऊन सांगतो. फोनवर सांगू नकोस.

तेव्हापासून तुम्ही माझ्या मागं उभे असता. दुकानात कुणी मयताचा फोटो घेऊन आलं की माझ्या खांद्यामागं कुणीतरी खाकरतं. तुमचंच खाकरणं, मी ओळखतो. काल सकाळी एकजण आला, "वडलांचा फोटो लावून द्या भाऊ," म्हणाला. मी चौकट लावली आणि त्याला विचारलं, "बहिणी किती तुमच्या? कुणी गेलंय का सांगायला?" तो माझ्याकडं पाहत राहिला. मी मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

काल दुपारी निघालो. दहाव्याला मुंडण केलेलं, ते दिसू नये म्हणून डोक्याला रुमाल घट्ट बांधला. तुम्ही करायचात तसंच करायचं ठरवलं. शेजारच्या वस्तीवरून गोदाबाईंना सोबत घेतलं, त्यांना एवढंच सांगितलं की नाना गेले. त्यांनी तोंडाला पदर लावला. आत्या ओसरीत भेंडी चिरत बसली होती. मला पाहून हसली, "अरे, आज तू आलास! आन् त्यो कुठं हाय भांडखोर?" मग तिला माझ्यामागं गोदाबाई दिसल्या. चिरता चिरता विळी थांबली. आपल्या भागातल्या बाईला हे सांगावं लागत नाही.

"नाना?" ती म्हणाली.

मी "जरा जास्त हाय" म्हणणार होतो. तोंडातून निघालं नाही. नुसती मान हलवली.

ती रडली नाही हो. उठली, हात धुतले, आतून धुतलेलं लुगडं काढलं. गोदाबाईंना म्हणाली, "म्हशीचं तेवढं बघ." आणि मला म्हणाली, "फोन कर बाबा तुझ्या लोकांना. म्हणाव मी निघाले. मी आल्याबिगर उचलू देऊ नका."

नाना, तिला वाटलं, तुम्ही आजच गेलात. कुणी दारात असं येऊन उभं राहतं ते त्याच दिवशी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्याचं कसं सांगायचं ते तुम्ही मला एकदा दाखवलं होतं. दोन आठवडे झालेत हे कसं सांगतात, ते तुम्हालाही कधी सांगावं लागलं नसेल.

ती गाडीवर बसली. माझ्या खांद्यावर तिचा हात. "जल्दी चल," म्हणत होती. "लोकं खोळंबली असतील. ऊन हाय, त्याला सावलीत ठेवलंय ना?" मी गाडी चालवून राह्यलो आणि प्रत्येक फाट्याला ठरवून राह्यलो, आता सांगू, पुढच्या फाट्याला सांगू. वडीगोद्री मागं पडलं. ती मध्येच म्हणाली, "पानी पाजलं का रे त्याला शेवटचं? कुणी?" तिथं मला पुढं जाता येईना. बाभळीखाली गाडी लावली, तिला खाली उतरवलं. मी डोक्यावरचा रुमाल सोडला.

तिनं माझं डोकं पाहिलं. चार दिवसांची खुंटं आलेली.

"कव्हा?"

"आज चौदावा दिवस, आत्या. चुकलो मी. मला वाटलं तुला कळलंय."

ती खाली बसली, तिथंच मातीत. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी सोमवारी त्याचा दहावा व्हता."

"व्हय."

"सोमवारी मी पुरण घातलं व्हतं रे," ती म्हणाली. "त्याचा यायचा दिवस म्हून. दुपार टळली तरी ह्यो आला न्हाई. मला राग आला. म्हणलं, मरू दे त्याला. आन् त्याच्या वाटणीच्या पोळ्या बी मीच खाल्ल्या. तूप वाढून घेऊन खाल्ल्या."

नाना, मी तिचा हात धरायला गेलो. तिनं काढून घेतला.